धावणाऱ्यानं पाणी प्यावं की नाही

मध्यंतरी नातवाच्या शाळेतल्या शर्यती बघायला गेलो आणि भांडून परत आलो. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही." तिचं खरं आहे. पण झालं असं, की उन्हातून लांब पल्ल्याची शर्यत धावून आलेली एक मुलगी नळाकडे निघाली, तर तिथले तरुण शिक्षक शिट्टी फुंकत तिच्या मागे धावले. "पाणी पिऊ नको! पोटात कळ येईल!" मुलगी बिचारी जागच्या जागी उभी राहिली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी म्हटलं, "अहो, घोट-घोट पिऊ द्या तिला." ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही सावलीत बसा. हे शास्त्र आहे."

शास्त्र! बत्तीस वर्षं मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात ड्रिलमास्तर होतो, आणि त्या बत्तीस वर्षांत याच शास्त्राशी भांडत आलो. माणसं चंद्रावर जाऊन आली, आमचा जिल्हासुद्धा रत्नागिरीपासून वेगळा झाला, पण हे शास्त्र आहे तिथेच आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'मैदानावरच्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. गोड मला फारसं काही आठवत नाही. राग येतो तेवढा लिहितो.

ड्रिलमास्तर म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. गणिताचे मास्तर आजारी पडले की मुलं सांभाळायची, पंधरा ऑगस्टला मुलांच्या रांगा सरळ करायच्या, लेझमा मोजून कपाटात ठेवायच्या आणि साहेब तपासणीला आले की त्यांच्यासाठी शहाळी उतरवून घ्यायची, एवढ्यासाठी शाळा हा माणूस ठेवते अशी सर्वांची समजूत होती. हेडमास्तरांचीही होती. माझा तास वेळापत्रकात असे, मैदानावर क्वचितच असे. पण शाळा सुटल्यावरचं मैदान मला कोणी मागितलं नव्हतं. म्हणून मी संध्याकाळी धावायला शिकवू लागलो. शाळेतले काही विद्यार्थी येत, शाळा सोडलेले अठरा-वीस वर्षांचे गडीही येत. कोणाला पोलिसात भरती व्हायचं असे, कोणाला लष्करात, कोणाला नुसतंच शर्यतीत नाव काढायचं असे.

नवीन माणूस धावायला लागला की पहिल्या दोनशे पावलांत एक चूक हमखास करतो. तो श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. मुठी आवळतो, खांदे कानापर्यंत नेतो, दात घट्ट मिटतो आणि छातीत भरलेली हवा तशीच धरून पळत सुटतो. मग वर आणखी हवा घ्यायला बघतो, तर आत जागाच नाही. धाप लागते, बरगडीखाली कळ येते, आणि मंडळी म्हणतात, "ह्येका दम नाय." दम असतो हो. तो आत कोंडलेला असतो.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. प्रशिक्षण वर्गात आम्हाला संचलन शिकवलं होतं, श्वास शिकवला नव्हता. मी शिकलो ते किनाऱ्यावर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे दोरीला झोंबत तेव्हा एकदम ओरडत, आणि ओरडताना पोट आत जाईपर्यंत छाती रिकामी होई. मग पुढचा श्वास त्यांना घ्यावा लागत नसे, तो आपला आपण येई. एका म्हाताऱ्या रापणकाराला मी विचारलं, "तुम्ही श्वास कसा घेता?" तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघत राहिला. म्हणाला, "मास्तरांनू, आमी घेणव नाय. आमी सोडतंव. घेवचो तो देव घेता."

तेच मी मैदानावर नेलं. आधी सोडा. तीन पावलं होईपर्यंत आत, तीन पावलं होईपर्यंत बाहेर. चढ लागला की दोन आणि दोन. नाकानं पुरत नसेल तर खुशाल तोंड उघडा, तोंड देवानं नुसतं भाषणांसाठी दिलेलं नाही. आणि वेग किती ठेवावा? धावता धावता पाढा म्हणता आला पाहिजे. बेचा पाढा म्हणता आला तर वेग बरोबर, मध्येच अडखळलात तर हळू व्हा. संध्याकाळी आमची टोळी मैदानाला फेऱ्या घालत मोठ्यानं पाढे म्हणायची. हेडमास्तरांनी खिडकीतून ऐकलं आणि माझ्या तासांना आयुष्यात पहिल्यांदा मान डोलावली. त्यांना वाटलं, मी गणित घेतो आहे.

आता सुपारीचं सांगतो. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष होते, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. माडाबागायती मोठी, आवाज मोठा आणि तरुणपणी कुठल्याशा तालमीत काढलेली दोन वर्षं त्याहून मोठी. त्यांचं मत असं, की धावणाऱ्यानं तोंड उघडलं की ताकद तोंडावाटे निघून जाते. म्हणून प्रत्येकाच्या दाढेत एक अख्खी सुपारी द्यायची. सुपारी पडली की समजावं तोंड उघडलं, आणि त्याला बाद करावं. सुपाऱ्या त्यांच्या बागेतल्या. शाळेला देणगी म्हणून आलेल्या. नको कोण म्हणणार?

पहिल्याच दिवशी श्रीधर नावाच्या आमच्या चांगल्या धावणाऱ्यानं चढावर जोर लावताना दात आवळले आणि त्या ओल्या सुपारीचा तुकडा पडला. थुंकला असता तर बाद झाला असता, म्हणून त्यानं गिळला. सुपारी लागणं म्हणजे काय हे कोकणात सांगायला नको. दरदरून घाम फुटला, कानशिलं तापली, घशाला आवळल्यासारखं झालं आणि गडी रस्त्याच्या कडेला गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, धरून बसला. मी तोंडात बोटं घालून चोथा काढला, पाणी पाजलं, अर्ध्या तासानं तो ठीक झाला. आबासाहेब टांग्यातून उतरले, सगळं पाहिलं आणि निर्णय दिला. "सकाळी पाणी पिऊन आला असणार." मी म्हटलं, "आबासाहेब, त्याला सुपारी लागलीय." ते म्हणाले, "मास्तर, पाणी प्यायलेल्यालाच सुपारी लागते." यावर माणसानं काय बोलावं? तेव्हा मी शाळेत कायम झालो नव्हतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पाण्याचं त्यांचं म्हणणं तर सगळ्या तालुक्याचंच म्हणणं होतं. धावायच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. जीभ टाळ्याला चिकटली की म्हणायचं, गडी तयार झाला. आमच्या किनाऱ्यावर हवा ओली, घाम वाळत नाही, नुसता गळतो. आश्विनातल्या उन्हात चार मैल धावलेल्या माणसाचा सदरा पिळला तर तांब्या भरावा. मी एकदा खोबऱ्याच्या वखारीतल्या काट्यावर सहा जणांना धावण्याआधी तोललं आणि धावून आल्यावर पुन्हा तोललं. प्रत्येक जण दोन-अडीच रत्तल, म्हणजे किलोभर तरी, उतरला होता. वखारीचे शेट चष्मा पुसून काटा बघत राहिले. त्यांचा काटा खोटा आहे असं मी सुचवतो आहे की काय, ही त्यांना काळजी. मी त्यांना सांगितलं, हे पाणी गेलं, ते परत द्यायला हवं. आबासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मळ गेला."

तरी मी शिकवायचो. धावायच्या दोन तास आधी उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ घालून, वाडगाभर. इथल्या प्रत्येक घरात ती असतेच. धावताना मैल-दीड मैलाला थांबून दोन-तीन घोट, गटागटा नाही. घोट घेतला की तीनदा पूर्ण श्वास सोडून मग पाय उचलायचा, म्हणजे कळ येत नाही. तहान लागायची वाट बघायची नाही. धावून आल्यावर सोलाचं, म्हणजे कोकमाचं पाणी, गूळ आणि मीठ घालून. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही.

बुधाजी माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आमच्याच शाळेतून अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, दोनदा बसलेला, दोन्ही वेळा इंग्रजीनं अडवलेला. तेव्हा ज्याला महारवाडा म्हणत आणि आता बौद्धवाडी म्हणतात, तिथे तो आणि त्याची आई राहायची. आई लोकांच्या शेतात लावणी-कापणीला जाई. बुधाजी कसालच्या बाजारापर्यंत लोकांची ओझी पोचवायचा, पायी जायचा, पायी यायचा. पाय असे, की बघत राहावं. पण खरी गंमत त्याच्या श्वासाची होती. मी तीन-तीनचं सांगितलं आणि तो ते जन्मापासून करत असावा तसा करू लागला. चौथ्या मैलाला इतरांचा बेचा पाढा अडखळे, हा एकोणतिसाचा म्हणत असे. मी बरेच धावणारे पाहिले. तसा श्वास पुन्हा पाहिला नाही.

मला फार अभिमान होता त्या दिवसांत, की माझ्या मैदानावर जात नाही. सगळे एका रांगेत उभे राहतात, एका शिट्टीला सुटतात. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता, तिथे शिपाई बुधाजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, हे मी रोज बघत होतो. घटना येऊन पाचेक वर्षं झाली होती. मी मनात म्हणायचो, शाळेचं शाळेला ठाऊक, माझं मैदान निराळं आहे. काय पण मैदान आणि काय पण मी!

त्या वर्षी तालुक्याची आठ मैलांची खुली शर्यत आमच्या गावातून निघणार होती. आमचा गाव आचरा आणि मालवण यांच्या मधला. नाव लिहीत नाही, कारण राग येणारे अजून आहेत. मुंबईच्या एका गिरणीच्या क्रीडासंघाचे साहेब पाहुणे म्हणून यायचे होते. संघाला लांब पल्ल्याचे धावणारे हवे होते. पहिल्या दोघांना घेऊन जाऊ, गिरणीत नोकरी देऊ, असं त्यांनी कळवलं होतं. गिरणीतली नोकरी म्हणजे त्या काळी काय, हे कोकणी माणसाला सांगू नये. बुधाजीच्या आईनं शेताच्या बांधावरून मला हाक मारून विचारलं होतं, "मास्तर, माझो बुधो जायत मां मुंबैक?" मी म्हटलं, "पेज पाजून पाठव, बाकी मी बघतो."

शर्यतीचा नियम आबासाहेबांनीच केलेला, की सोबतच्या माणसानं धावणाऱ्याला काही द्यायचं नाही, हात लावायचा नाही. वाटेत पाणी ठेवायला आबासाहेबांनी साफ नकार दिला. मग मी डोकं चालवलं. स्वतः थांबून रस्त्यालगतच्या विहिरीवर पाणी प्यायला तर नियमाची हरकत नव्हती. मी चार विहिरी हेरल्या. तिथल्या घरांतून जाऊन सांगितलं, की कळशी भरून गडग्यावर ठेवा, वर तांब्या ठेवा. सगळ्यांनी आनंदानं हो म्हटलं. तिसऱ्या मैलाजवळच्या काशीकाकी विधवा, एकट्या; त्या म्हणाल्या, "मास्तरांनू, तुमच्या झिलांसाठी कळशी चिंचेन घासून ठेवतंय. लिंबूय पिळू?" मला भरून आलं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

तीनदा आम्ही पहाटे त्या रस्त्यानं सराव केला. तीनही वेळा बुधाजी तिसऱ्या मैलाला रस्ता सोडून उतारावरून व्हाळाकडे, म्हणजे खालच्या ओढ्याकडे, पळत जाई आणि तेवढ्याच वेगानं परत येऊन सगळ्यांना गाठी. मला वाटे, पोट बिघडलं असेल. संपल्यावर मी सगळ्यांना विचारी, "पाणी प्यायलात?" तो म्हणे, "होय मास्तर, पियालंय." कुठे प्यायलास, हे मी विचारलं नाही. मी रस्त्यातल्या चढांची लांबी पावलांनी मोजली होती, वाऱ्याची दिशा बघून ठेवली होती, कोणाच्या टाचेला फोड आहे ते मला माहीत होतं. चार विहिरी हेरल्या, आणि त्यातल्या एकीवरही माझ्या सगळ्यात चांगल्या धावणाऱ्याला उभं राहता येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीस वर्षं मी शोधतो आहे, ते कुठे अडकलं होतं.

शर्यत सकाळी सातला सुटायची होती. आबासाहेबांच्या घरी पाहुण्यांचं आदरातिथ्य लांबलं आणि ती सुटली साडेदहाला. ऊन असं, की कातळावर पाय ठेववेना. मी सायकलवर होतो. पहिली विहीर आली, श्रीधर थांबला, प्यायला. बुधाजी थांबला नाही, सगळ्यांच्या पुढे निघून गेला. मी मागून ओरडलो, "पाणी पी रे! शहाणपणा करू नको!" त्यानं वळून पाहिलं नाही. तिसऱ्या मैलाला व्हाळाची वाट आली तेव्हा तो क्षणभर हळू झाला. उतरला असता तर पहिला नंबर गेला असता. तो काशीकाकींच्या गडग्याशी थांबला. कळशीपासून दोन हात लांब. सदऱ्यावर कोरडी जागा नव्हती. वाकून ओंजळ पुढे केली आणि म्हणाला, "काकी, वरसून घाला वायंच."

काशीकाकींनी तांब्या उचलला आणि पोटाशी धरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमी ह्या माका सांगूक नाय."

मी सायकलवरून उतरलो. म्हटलं, "घाला हो, लांबूनच घाला."

"माका काय दुख आसा?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. "पण सगळो गाव बघता हा. उद्या माझी कळशी विहिरीत सोडूक देवचे नाय. मी एकटी बायलमाणूस खंयसून पाणी हाडू?"

खरंच, गडग्यापलीकडे पाच-सहा माणसं शर्यत बघत उभी होती. तांब्या माझ्यापासून हातभर अंतरावर होता. घेऊन ओतायला किती वेळ लागला असता? तो रागावेल, हा बोलेल, असं मोजायलाही वेळ नव्हता. मला त्या घटकेला नियम आठवला. सोबतच्या माणसानं काही द्यायचं नाही. आबासाहेबांच्या एकाही नियमाला मी मनानं कधी मानलं नव्हतं, आणि नेमका तोच एक मी पाळला. म्हटलं, "चल बुधाजी, फुडच्या विहिरीवर बघू."

तो हसला. एवढ्या तहानेतही हसला. "फुडे काय येगळी विहीर आसा, मास्तर?" आणि धावायला लागला.

सातव्या मैलापर्यंत तो पहिला होता. मैदानात शिरला तोही पहिला. लोक टाळ्या वाजवत होते. फीत समोर होती, आणि तो उजवीकडे वळून शाळेच्या भिंतीकडे धावू लागला. लोकांना आधी हसू आलं. घाम थांबला होता, अंग कोरडं होतं. याला ऊन लागलं आहे हे मला तेवढ्यावरून कळलं आणि मी सायकल टाकून पळालो. भिंतीला हात टेकून तो खाली बसला आणि आडवा झाला. श्रीधर आणि आणखी एक जण पुढे होऊन फितीला लागले. मी बुधाजीला सावलीत ओढलं, स्वतःच्या टोपीनं बादलीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, शुद्ध आल्यावर घोट-घोट पाजलं. तो माझ्या हातून कधी प्यायला ती हीच पहिली वेळ. नियम तेव्हा संपला होता ना!

बक्षीस समारंभात आबासाहेबांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात म्हणाले, "आज आपण पाहिलं, श्वास चुकला की काय होतं." टाळ्या पडल्या.

पण गिरणीचे साहेब जाणते होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, हा मुलगा चांगला आहे. पडला का, ते मला लेखी कळवा. त्या दिवसापुरतं काही झालं असेल तर मी त्याची मुंबईत चाचणी घेतो. पण श्वासातच दोष असेल तर घेऊन उपयोग नाही, तो सुधारत नाही." पत्त्याचा कागद त्यांनी माझ्या खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. वाईट माणूस नव्हते. खुर्ची दिली. म्हणाले, "पाणी मिळालं नाही असं लिहिलंत, तर का मिळालं नाही ते लिहावं लागेल. ते लिहिलंत तर गावाचं नाव मुंबईला जाईल. शाळा गावाच्या जमिनीवर उभी आहे. आणि तुमचा कायम होण्याचा कागद येत्या बैठकीत आबासाहेबांपुढे आहे. मी तुम्हाला काही सांगत नाही. विचार करा."

मी विचार केला. माझ्या घरी दोन लहान मुलं होती, बायको तिसऱ्या खेपेची होती. ही सबब आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, "धावपटूचे श्वसनाचे तंत्र अखेरच्या टप्प्यात बिघडले." खाली सही केली. ज्या माणसाचा श्वास मी आयुष्यात सर्वांत चांगला पाहिला, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं. मुंबईहून दोन ओळींचं उत्तर आलं. श्रीधर आणि तो दुसरा गेले. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

बुधाजी पुढे आपल्या बळावर मुंबईला गेला, गोदीत लागला, असं ऐकलं. धावला नाही. त्याचं मला पत्र आलं नाही आणि येण्याचं कारणही नव्हतं. सुपारीवाले आबासाहेब, गडग्यापलीकडचे ते पाच-सहा जण, शास्त्र सांगणारे सगळे, यांच्यावर मी आयुष्यभर चिडलो आहे. घरात, शाळेत, आता नातवाच्या मैदानावर. लोक म्हणतात, मास्तरांचा स्वभाव तापट. तसाच तो राहू दे. पण एक भेट लिहायची राहिली आहे आणि ती न लिहिता हा लेख दिला तर तो खोटा होईल.

मुंबईचं उत्तर आल्यावर मी बुधाजीच्या घरी गेलो. आपल्या तोंडानं त्याला सांगावं, एवढी तरी लाज शिल्लक होती. भर दुपारी तीन मैल चालून गेलो. त्याच्या घरी जायची ती पहिलीच वेळ. दारापुढचं खळं शेणानं सारवलेलं, कडेला अबोलीचा वाफा. बुधाजी सुंभ वळत बसला होता. मला बघून उठला, घोंगडी झटकून टाकली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं तेही.

त्यानं सुंभ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "श्वास चुकलो असा लिवलास?"

मी मान डोलावली.

"मी मोजी होतंय, मास्तर. तीन आत, तीन भायर. भिंत दिसासर मोजी होतंय. माझो श्वास चुकलो?"

"नाही," मी म्हटलं. "तुझा श्वास बरोबर होता."

"मगे बरा," तो म्हणाला आणि पुन्हा सुंभ वळायला लागला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतून त्याची आई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. हातात पितळी तांब्या होता, लख्ख घासलेला, वर पेला पालथा घातलेला. "उनाचे इलास," ती म्हणाली. "वायंच पाणी घेवा, मास्तर."

माझा घसा कोरडा पडला होता. तीन मैलांचं ऊन अंगात होतं. आणि माझ्या तोंडून शब्द गेले, मी ते उच्चारायचं ठरवलंसुद्धा नव्हतं. "नको, नको. आत्ताच घेऊन आलो."

बुधाजीनं वर बघितलं नाही. त्याची आई काही रागावली नाही. उलट माझीच समजूत काढावी तशी म्हणाली, "राहांदे, मास्तर. मास्तर पाणी घेवचे नाय म्हणान बुधोन माका आदीच सांगल्यान होता. मीच म्हटलंय, इचारून तरी बघूया."

मी हात पुढे केला. पण तोवर तिनं ते पाणी अबोलीच्या वाफ्यात ओतलं होतं.